एका प्लेटसाठी: व्हॅली ऑफ फ्लॉवर्समधल्या रानजिरेनियमच्या प्रकल्प नोंदी

१४ जून, देहरादून

एक वनस्पती, एक कागद आणि त्या वनस्पतीचा एक अख्खा हंगाम, एवढंच या प्रकल्पाचं काम. त्यातून एक प्लेट होणार, म्हणजे वनस्पतीचे सगळे भाग दाखवणारं एक रंगवलेलं चित्रपान. वनस्पती आहे जिरेनियम वॉलिचियानम. अफगाणिस्तानपासून नेपाळकडे पसरलेल्या हिमालयाच्या पट्ट्यात जंगलांच्या कडेला आणि कुरणांच्या उतारांवर ती आपोआप वाढते. बहुवर्षायू आहे. जमिनीवरचा सगळा पसारा थंडीत वाळून जातो, खाली जाड मूळ बर्फाखाली तग धरून राहतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा फुटतं.

आपण कुंडीत लावतो आणि ज्याला सरसकट जिरेनियम म्हणतो, ते खरं पेलार्गोनियम, मूळचं दक्षिण आफ्रिकेतलं. दोघं एकाच कुळातले, पण फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरितिए यांनी १७८९ मध्येच त्यांना वेगळं काढलं. पेलार्गोनियमच्या फुलात वरच्या दोन आणि खालच्या तीन पाकळ्यांत फरक असतो, शिवाय मधाची एक नळी देठाला चिकटून आत गेलेली असते. खऱ्या जिरेनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या. बाजारातलं नाव बदलणार नाही, हे मला मान्य आहे. पण प्लेटवर फूल इतकं नेमकं यायला हवं की पाहणाऱ्याला हा फरक न सांगता कळावा.

आज भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या इथल्या केंद्रात हर्बेरियमच्या पत्रांवर दिवस गेला. दाबून वाळवलेल्या नमुन्यात रंग उरत नाही, फूल चपटं होतं. पण सांगाडा मात्र जिवंत झाडापेक्षाही स्पष्ट दिसतो. या जातीची सगळ्यात भरवशाची ओळख फुलात नाही, देठाच्या बुडाशी आहे. तिथली उपपर्णं, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारी छोटी पानासारखी अंगं, जोडीजोडीने एकमेकांना चिकटून एक रुंद, अंडाकृती पान झाल्यासारखी दिसतात. शेजारच्या दुसऱ्या जातींच्या पत्रांवर ती सुटी आणि अरुंद. प्लेटवर उपपर्णांची जोडी मोठी करून दाखवायची, हे इथेच ठरवलं.

नियम एकच, आणि तो उत्तराखंडातल्या व्हॅली ऑफ फ्लॉवर्स राष्ट्रीय उद्यानाचा आहे: तिथलं काहीही तोडायचं नाही, उपटायचं नाही, सोबत आणायचं नाही. म्हणजे जे काढायचं ते झाड जिथे उभं आहे तिथे बसून, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून. बीजांडकोशाचा छेद वगैरे प्लेटवर येणार नाही. त्याची मला खंत नाही. न कापता जे दिसतं तेच या फुलात भरपूर आहे.

३ जुलै, घांघरिया

गोविंदघाटहून पुलनापर्यंत जीप, पुढे दरीखालच्या या मुक्कामाच्या गावापर्यंत पायी. सामान खेचरावर, कागदाची पेटी माझ्या पाठीवर. उंची तीन हजार मीटरच्या थोडी वर. पाऊस.

५ जुलै

दरीचं फाटक सकाळी उघडतं आणि संध्याकाळी पाचच्या आत बाहेर यावं लागतं. आत मुक्काम नाही, त्यामुळे फूल रात्री काय करतं हे मला इथे कधीच पाहता येणार नाही. दिवसाचे जे तास हातात आहेत ते चालण्यात घालवायचे नाहीत म्हणून पुष्पावती नदी ओलांडल्यावर पहिल्या मोठ्या उतारावरच एक जागा निवडली. भोजपत्रांची झाडं तिथून जवळ आहेत, वाटेच्या कडेला खडक आहेत, आणि खडकांवरून खाली लोंबत, गवतातून सरपटत या झाडाच्या फांद्या पसरलेल्या आहेत.

अजून फूल नाही. आज फक्त पानं. पानाचे तीन ते पाच भाग, प्रत्येक भाग साधारण उडवायच्या पतंगाच्या आकाराचा, कडांना दाते, दोन्ही बाजूंना मऊ लव. दोन शिरांमधल्या पृष्ठभागावर फिकट ठिपके आहेत, त्यामुळे दुरून पान कुरकुरीत चुरगळलेलं वाटतं. फांदी पेराला मूळ धरत नाही. सगळा पसारा एकाच जागेवरून निघालेला असतो आणि शेजारच्या झाडांचा आधार घेत पुढे जातो. रेखाटनात हा आधार दाखवणं गरजेचं आहे. ही फांदी कागदावर एकटीच ताठ उभी केली तर चित्र सुबक होईल, पण खोटं होईल.

कडक टूएच पेन्सिलीच्या रेघा ओल्या हवेत कागदात रुततात. मऊ एचबीवर आले.

१८ जुलै

पहिली फुलं. देठावर जोडीने कळ्या येतात, आणि जोडीतली एक नेहमी पुढे असते. त्यामुळे एकाच देठावर उमललेलं फूल आणि मिटलेली कळी शेजारी मिळतात. प्लेटच्या मांडणीला हे फार सोयीचं आहे.

फूल साधारण साडेतीन सेंटिमीटर. पाकळ्या तळाशी निमुळत्या, टोकाला रुंद, आणि वरच्या कडेला एक उथळ खाच. रंग गुलाबी आणि जांभळा यांच्या मधला, शिरा गडद. शिरा सगळ्या मध्याकडे धावतात. निदलांच्या टोकाला छोटंसं काट्यासारखं टोक आहे, कळी मिटलेली असताना ही पाच टोकं एकत्र येऊन वर उभी राहतात.

मधोमध जे आहे ते मात्र कोणत्याही फोटोत मला नीट दिसलं नव्हतं. परागकोश जवळजवळ काळे. त्या फिकट जांभळ्या बशीत हे काळे ठिपके इतके ठळक दिसतात की नजर आधी तिथेच जाते.

२१ जुलै

एकाच फुलाजवळ सकाळपासून दुपारपर्यंत. काल उमललेलं फूल आणि आज उमललेलं फूल शेजारी ठेवून पाहिलं की सगळं समजतं, वाट पाहावी लागत नाही.

पुंकेसर दहा, दोन फेऱ्यांत पाच-पाच. नव्या फुलात आधी बाहेरच्या फेरीतले पाच परागकोश फुटतात, मग आतले पाच. तोवर मधली कुक्षी एकत्र मिटलेली असते, एखाद्या जाड दोऱ्यासारखी. परागकोश रिकामे झाले की गळून पडतात, तंतू मागे राहतात. त्यानंतर कुक्षीचे पाच बाहू उलगडतात आणि बाहेरच्या बाजूला वळतात. या जातीत ते लांब आणि गडद आहेत, म्हणून तिसऱ्या अवस्थेतलं फूल दुरूनही ओळखता येतं.

म्हणजे फूल आधी नर, मग मादी. स्वतःचा पराग स्वतःच्या कुक्षीवर पडण्याची वेळच येऊ द्यायची नाही, अशी ही रचना. प्लेटवर मी तीन फुलं दाखवणार आहे: बाहेरचे परागकोश फुटलेलं, दहाही गळत आलेलं, आणि कुक्षी पसरलेलं. नेहमीच्या चित्रांत एकच फूल असतं, आणि तेही बहुतेक वेळा पहिल्या अवस्थेतलं, कारण तेच सगळ्यात देखणं. पण या फुलाचं खरं काम उरलेल्या दोन अवस्थांमध्ये चालतं.

२३ जुलै

दिवसभर पाऊस. छत्री खडकात रोवून खाली बसले. आज जे काढायचं होतं ते पावसातच काढता आलं असतं.

पाकळीच्या बुडाशी केस आहेत. पाकळीच्या आतल्या अंगावर विरळ, आणि दोन्ही कडांना दाट झुपका. उघड्या डोळ्यांना तिथे फक्त पांढुरकी धूसर रेघ दिसते. भिंगातून पाहिलं की कळतं की शेजारच्या दोन पाकळ्यांचे झुपके एकमेकांत गुंतून एक पडदा तयार करतात. त्या पडद्यामागे, पुंकेसरांच्या बाहेरच्या बाजूला, मधाच्या पाच ग्रंथी आहेत.

१७८७ मध्ये क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल या जर्मन शाळामास्तराने याच कुळातल्या, युरोपातल्या रानात उगवणाऱ्या जिरेनियम सिल्व्हाटिकमच्या पाकळ्यांवर असेच केस पाहिले. एकही केस निष्कारण नसणार, असं त्यांनी धरून चाललं आणि उत्तर शोधलं: मध पावसाच्या पाण्यात मिसळू नये म्हणून हे केस. त्या एका प्रश्नातून पुढे त्यांनी शेकडो फुलं तपासली आणि १७९३ मध्ये ग्रंथ छापला. रंग, शिरांच्या रेघा, मधाची जागा हे सगळं कीटकांसाठी आहे, असं त्यात सविस्तर मांडलं होतं. त्यांच्या हयातीत फारसं कुणी लक्ष दिलं नाही. पुढे डार्विननी त्या ग्रंथाचं मोल ओळखलं. फुलं आणि कीटक यांच्या नात्याचा आजचा सगळा अभ्यास त्या केसांपासून सुरू झाला, असं म्हणायला हरकत नाही.

हिमालयातलं हे फूल त्या युरोपीय फुलापेक्षा कठीण जागी आहे. ते नेमकं मोसमी पावसात फुलतं आणि बशीसारखं आकाशाकडे तोंड करून उघडं राहतं. आज मी पाहत बसले ते एवढंच: थेंब पाकळीवर पडला, घरंगळत मध्याकडे गेला आणि केसांवर येऊन गोल होऊन थांबला. केस पाण्याला आत झिरपू देत नाहीत, थेंब त्यांच्यावर बसून राहतो आणि पुढच्या वाऱ्याला खाली सांडतो. मुसळधार सर आली तेव्हा मात्र फूलच वाकलं आणि सगळंच भिजलं. केसांमुळे मध नेहमी कोरडा राहतो असं म्हणणार नाही. बारीक, सतत पडणाऱ्या भुरभुरीत ते काम करतात, आणि इथे बहुतेक दिवस पाऊस असाच असतो. लहान मुंग्या किंवा बारीक किड्यांनाही हा पडदा अडवत असेल. दोन्ही उपयोग एकत्र असायला काहीच अडचण नाही.

केस चितारण्यासाठी रंग वापरायचा नाही हे नक्की केलं. कागदाचा पांढरा राखून ठेवायचा. जांभळ्या वॉशवर, म्हणजे पातळ जलरंगाच्या थरावर, नंतर पांढरा रंग चढवला तर केस पाकळीवर चिकटवल्यासारखे दिसतात, आणि ते तर पाकळीतूनच उगवलेले आहेत.

२९ जुलै

रंगावर अडले आहे, आणि अडायलाच हवं असा हा रंग आहे.

मोबाइलवर फूल गुलाबी येतं. डोळ्यांना ते निळसर जांभळं दिसतं. जांभळ्या फुलांबाबत कॅमेऱ्याची ही जुनीच गोष्ट आहे, म्हणून फोटोवरून रंग जुळवायचा नाही, असं ठरवून आले होते. क्विनॅक्रिडोन मॅजेंटात थोडं अल्ट्रामरीन, हा पाया. डायऑक्साझिन व्हायोलेट ट्यूबमधून थेट घेतलं की सावलीत जवळजवळ अचूक बसतं, पण तो रंग उजेडात टिकण्याबाबत मला भरवसा नाही. मिश्रणातूनच तिथे पोचायचं.

त्यातही एकच रंग नाही. खडकाच्या आडोशाला, सावलीत उमललेली फुलं निळ्याकडे झुकलेली. उघड्या उतारावरची गुलाबीकडे. थंडी वाढली की निळेपणा वाढतो, हे या जातीच्या बागेतल्या वाणांवरही पाहिलं गेलं आहे. वेल्समध्ये निवडलेल्या बक्स्टन्स व्हरायटी या वाणाची ख्याती याचसाठी. हा वाण आणि जिरेनियम हिमालयेन्स यांच्या संकरातून इंग्लंडमधल्या एका बागेत रोझॅन हा वाण आला, आणि २०१३ मध्ये तिथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने चेल्सी प्रदर्शनाच्या शंभरीनिमित्त त्याला शतकाचं झाड म्हणून निवडलं. जगभरच्या बागांत महिनोन्‌महिने फुलणाऱ्या त्या झाडाचे दोन्ही पूर्वज या डोंगरांतले. रोझॅन सुंदर आहे. तरी मला हे रानटी फूलच जास्त आवडतं, त्याच्या विरळ, विखुरलेल्या फुलण्यासकट.

ओल्या हवेत वॉश सुकायला इतका वेळ लागतो की कडा हव्या तशा मऊ होतात. हे इथेच जमतं. घरी पंख्याखाली असा वॉश मिळणार नाही, म्हणून पाकळ्यांचे रंगनमुने सगळे इथेच उरकून घेते आहे.

६ ऑगस्ट

दरड कोसळल्याने दोन दिवस वाट बंद होती. आज पुलनाच्या बाजूला थोडं खाली जाऊन आले. वाटेची कड जिथे तुटली तिथे मातीच्या उभ्या भिंतीत एका जिरेनियमचं मूळ उघडं पडलं होतं. वरचा पसारा अजून हिरवा, खालचं मूळ हवेत.

हे दृश्य मला मिळेल असं वाटलंच नव्हतं. खणायची परवानगी नाही आणि असती तरी खणलं नसतं. बसून पेन्सिलीने काढलं, पाऊस येईपर्यंत. मूळ बोटापेक्षा जाड, गाठीगाठींचं, वरच्या टोकाला जुन्या देठांचे वाळके तुकडे खवल्यांसारखे शिल्लक. प्रत्येक थर एकेका गेलेल्या हंगामाचा. जिथे खडक घासून साल निघाली होती तिथे आतला भाग तांबूस तपकिरी.

सोबत आलेले भैजी भ्युंडार गावचे. ते म्हणाले, "दीदी, मूळ चाखून पाहिलं असतं तर तोंड आखडलं असतं." तुरटपणा टॅनिनचा. हिमालयात जागोजागी हे मूळ अतिसारावर, दातदुखीवर, जखमेवर वापरलं जातं, आणि म्हणूनच ते खणलंही जातं. ही गोष्ट मला खटकते, कारण इथे पान किंवा फूल नेलं जात नाही, नेमका तोच भाग नेला जातो ज्याच्या जिवावर झाड दरवर्षी परत येतं. गावात घरच्यापुरतं खणणाऱ्याने झाड संपत नाही. पोत्यांनी खरेदी होते तिथे संपतं.

मूळ प्लेटवर तळाशी, पूर्ण आकारात. चित्राचा सगळा भार त्यावर यायला हवा.

११ ऑगस्ट

दरी भरात आहे. वाटेवर खूप माणसं, आणि त्यात मराठी बोलणंही बरंच कानावर येतं. एका मुलीने विचारलं, "मावशी, एकाच फुलाला एवढा वेळ?" तिला भिंग दिलं. केस पाहून ती बराच वेळ उठलीच नाही, मागून तिचे बाबा हाका मारत राहिले.

शेजाऱ्यांची नोंद करायला हवी, कारण झाड एकटं वाढत नाही. सगळ्यात दाट आहे इम्पेशन्स सल्काटा, आपल्या तेरड्याचा उंच, गुलाबी नातलग. त्याच्या सावलीत जिरेनियमच्या फांद्या वर चढून उजेडात तोंड काढतात. दुसरा शेजारी अमेला, पॉलिगोनमची एक जात. १९८२ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं, चराई बंद झाली, आणि त्यानंतर अमेला फार पसरला. वन विभाग दरवर्षी तो उपटतो. मेंढ्यांनी दरी उजाड होते आणि मेंढ्या थांबवल्या की दरी फुलते, इतकं ते सरळ नाही, हे या उतारावर बसलं की दिसतं. अमेल्याच्या दाट रानात मला जिरेनियम फारसं आढळलं नाही. जिथे तो उपटलेला आहे तिथल्या मोकळ्या मातीत कोवळी पानं दिसली.

२० ऑगस्ट

ऊन पडलं की बंबलबी येतात. ढग आले तरी त्या काम सोडत नाहीत, साध्या माश्या मात्र गायब होतात. बंबलबी फुलावर उतरते, शिरांच्या दिशेने डोकं मध्याकडे नेते आणि दोन पाकळ्यांच्या मधल्या फटीत सोंड घालते. एक फट, मग फिरून दुसरी, अशी गोल गोल. केसांचा पडदा तिला अडवत नाही. फिरताना तिचं पोट नव्या फुलात परागकोशांना आणि जुन्या फुलात नेमकं त्याच उंचीवर पसरलेल्या कुक्षीला घासतं. तिन्ही अवस्थांतल्या फुलांची मोजमापं पुन्हा तपासली: उंची खरंच जुळते. प्लेटवर तिन्ही फुलं एकाच रेषेत, एकाच कोनातून काढायची, म्हणजे ही उंची जुळलेली दिसेल.

कीटक काढायचा नाही. जागा नाही, आणि तो काढला की नजर त्याच्यावरच जाते.

४ सप्टेंबर

पाकळ्या गळाल्यावर मधला स्तंभ वाढत जातो. आता तो दोन-अडीच सेंटिमीटरची चोच झाला आहे. बुडाशी पाच छोटे कप्पे, प्रत्येकात साधारण एक बी, आणि प्रत्येक कप्प्यापासून एक पट्टी स्तंभाला चिकटून थेट टोकापर्यंत गेलेली. हिरवी, ओली, शांत. पाऊस चालू आहे आणि फळ काहीच करत नाही.

तेरड्याची बोंडं याच पावसात फुटतात. लहानपणी आपण सगळ्यांनी ती चिमटीत धरून फोडली आहेत. त्यांचं बळ पेशींत भरलेल्या पाण्याच्या दाबाचं, म्हणून ती हिरवी, रसरशीत असतानाच उडतात. जिरेनियमचं बळ याच्या अगदी उलट आहे, ते सुकण्यातून येतं. एकाच उतारावर, एकाच पावसात, दोन शेजारी: एकाला बी उडवायला पाणी लागतं, दुसऱ्याला पाणी जायला लागतं. इतके दिवस या प्लेटचा कणा काय असावा ते शोधत होते, तो हाच. सगळं झाड पाण्याशी कसं वागतं ते वरपासून खालपर्यंत दाखवायचं. वर थेंब अडवणारे केस, मध्ये उन्हाची वाट पाहणारं फळ, खाली बर्फाखालचं मूळ.

मांडणी बदलते. आधी फांदी उजवीकडून वर जात होती, आता ती मूळापासून डावीकडे निघून तिरकी वर जाईल आणि फळं उजवीकडच्या मोकळ्या जागेत येतील.

१९ सप्टेंबर

सलग कोरडी हवा. दरीत माणसं तुरळक. फळं तपकिरी झाली आहेत आणि आज ती उडताना पाहिली.

क्रम असा. पट्टीच्या बाहेरच्या अंगातले तंतू सुकताना आतल्या अंगापेक्षा जास्त आकसतात, त्यामुळे पट्टी बाहेर वाकू पाहते. पण ती स्तंभाला चिकटलेली असते, म्हणून ताण साठत जातो. आधी बुडाचा कप्पा स्तंभापासून सुटतो आणि थोडा बाहेर वळतो. कप्प्याचं तोंड आतल्या बाजूला उघडं असतं, तरी बी पडत नाही, कारण तोंडाशी त्याला रोखून धरणारा अडसर असतो. मग बराच वेळ काही होत नाही. उन्हाची तिरीप फळावर आली आणि पट्टी एकदम वर गेली, कमानीसारखी वळली, कप्पा फेकल्यासारखा फिरला आणि बी सुटलं. डोळ्याला उडी दिसत नाही. आधीची स्थिती दिसते, नंतरची दिसते, आणि मधे पानावर काहीतरी टपकल्याचा आवाज. बी काही मीटर लांब जातं.

या जातीत कप्पा पट्टीलाच लटकत राहतो, फक्त बी जातं. त्यामुळे पाचही पट्ट्या उडाल्या की स्तंभाच्या टोकाला पाच वळलेल्या कमानी आणि त्यांच्या टोकांना पाच रिकाम्या वाट्या, असं राहतं. याच कुळातल्या एरोडियमचं तंत्र वेगळं: तिथे बियाला पट्टी चिकटून जाते, सुकताना मळसूत्रासारखी पिळते आणि भिजली की उलगडते, असं करत बी मातीत रुतवते. कुळ एक, वाकणं आणि पिळणं या दोन वाटा.

दुपारपर्यंत फळाच्या चारही अवस्था कागदावर आल्या: हिरवं, तपकिरी, कप्पे सुटलेलं, उडालेलं. चौथीच्या कमानींचा वळसा मोजून घेतला.

२२ सप्टेंबर

रात्री पाऊस होऊन गेला. सकाळी जाऊन पाहिलं तर परवाच्या उडालेल्या फळांच्या कमानी सैल पडून खाली झुकलेल्या. दुपारी ऊन आल्यावर त्याच कमानी पुन्हा घट्ट वळल्या. बी कधीच निघून गेलेलं, झाडाचं या भागाशी काही देणंघेणं उरलेलं नाही, तरी मेलेल्या पेशींची ती रचना हवेतला ओलावा मोजत राहते. ही हालचाल जिवंत ऊतीची नाही, नुसत्या भिंतींची आहे, याचा याहून साधा पुरावा नको.

दोन्ही स्थिती शेजारी शेजारी काढल्या. प्लेटवर त्यांना जागा द्यायलाच हवी, मग पानाचा एक तपशील कमी केला तरी चालेल.

३ ऑक्टोबर

पानांच्या कडा लाल होऊ लागल्या आहेत. भोजपत्रं पिवळी. वरच्या बाजूला ताजं बर्फ. घांघरियातली दुकानं आवरायला लागली आहेत, आणि महिनाअखेर दरीचं फाटकही बंद होईल.

लाल पानाचा रंगनमुना घेतला. सगळं पान एकदम लाल होत नाही. दात्यांपासून सुरू होतं आणि शिरांच्या बाजूने आत येतं, शिरा शेवटपर्यंत हिरव्या राहतात. भैजींना मूळाचं चित्र दाखवलं. त्यांनी ते उभं धरलं, आडवं धरलं, आणि म्हणाले की खवले आणखी दाट असतात, म्हाताऱ्या झाडाचे तर फारच. वाटेवर उघडं पडलेलं ते मूळ पुन्हा पाहायला दोघं गेलो, तेव्हा ती कड आणखी ढासळलेली होती आणि झाड खाली गेलं होतं. खवले त्यांच्या सांगण्याप्रमाणे दाट करणार आहे. त्यांनी अशी झाडं वर्षानुवर्षं पाहिली आहेत.

२६ ऑक्टोबर, घरी

कापूस कागद, तीनशे ग्रॅमचा, गुळगुळीत दाबाचा. ट्रेसिंगवरून अंतिम रेघा उतरवल्या. आधी मूळ रंगवते आहे.

काम करताना वॉलिच आठवतात. डेन्मार्कमध्ये १७८६ मध्ये जन्मलेला हा शल्यवैद्य पुढे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक झाला. १८२१ मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट स्वीट यांनी ही जात प्रसिद्ध केली तेव्हा तिला त्याचं नाव मिळालं. पण १८३० ते १८३२ या काळात निघालेल्या वॉलिचच्या तीन खंडांच्या मोठ्या ग्रंथातली कितीतरी चित्रं विष्णुप्रसाद आणि गोराचंद या भारतीय चित्रकारांची आहेत. त्यांच्या नावाने एकही जिरेनियम नाही. त्यांच्या पानांच्या कडा मी पुन्हा पुन्हा पाहते: किती कमी रंगात पान वळतं, आणि वळताना त्याची मागची बाजू किती प्रामाणिकपणे फिकट होते. या प्लेटवरचं लोंबणारं पान मी त्यांच्याकडून शिकून काढते आहे, आणि प्लेटसोबतच्या टिपणात त्यांची नावं लिहिणार आहे.

९ नोव्हेंबर

प्लेट पूर्ण. मूळ आणि फांदी पूर्ण आकारात, तीन फुलं दुप्पट, उपपर्णांची जोडी तिप्पट, पाकळीच्या बुडाचे केस दहापट, फळं दुप्पट. प्रत्येक तपशिलाखाली स्केल बार घातला आहे, कारण छापताना चित्र लहानमोठं झालं तरी माप बिघडू नये. केसांची जागा शेवटपर्यंत कोरी राखली आणि सावली फक्त त्यांच्यामागे भरली.

उजव्या खालच्या कोपऱ्यात थोडी जागा मुद्दाम मोकळी आहे, बियातून उगवलेल्या रोपासाठी. पुढच्या जूनमध्ये, बर्फ वितळल्यावर, उपटलेल्या अमेल्याच्या मोकळ्या मातीत ते शोधायचं आहे. वन विभागाकडे परवानगीचा अर्ज आज पाठवला.